भात, साबुदाणा, चहा आणि संध्याकाळची खा-खा: मधुमेहातल्या खाण्याच्या ओढीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. मधुमेह असलेल्यांशी रोज बोलते आणि घरी आईचा मधुमेह गेली चौदा वर्षं सांभाळते. खुर्चीत बसल्यावर लोक औषधांबद्दल विचारतात. भाताबद्दल विचारतात ते निघताना, दाराशी थांबून, जरा हळू आवाजात. खालचे बहुतेक प्रश्न असे दाराशी विचारलेले आहेत, काही फोनवर आलेले.

इन्सुलिन घेत असाल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांपैकी एखादी गोळी चालू असेल, तर प्रश्न ४ आणि ५ आधी वाचा. इथले आकडे सर्वसाधारण आहेत. औषधाचा डोस बदलायचा तो तुमच्या डॉक्टरांनीच.

१. साखर बंद करून वर्ष झालं. चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी शुगर खाली येत नाही. मग माझं चुकतंय कुठे?

साखर फक्त साखरेच्या डब्यात नसते. भात, पोळी, भाकरी, पोहे, रवा, शेवया, पाव, बटाटा, रताळं, साबुदाणा, फळं, दूध या सगळ्यांत कर्बोदकं असतात आणि पोटात गेल्यावर त्यांचं ग्लुकोजच होतं. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत दिसलं की भारतीयांच्या रोजच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात. म्हणजे आपलं ताट मुळात त्यांनीच भरलेलं असतं.

अंदाजासाठी काही आकडे जवळ ठेवा. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं. आमटीच्या वाटीने एक वाटी शिजलेला भात, म्हणजे शंभरएक ग्रॅम, २८ ते ३०. मध्यम भाकरी ३० ते ३५. कोरडे पोहे ५० ग्रॅम घेऊन केलेली बशी ३८ च्या आसपास. चहाचा एक चमचा साखर ४ ते ५. चहातली साखर वाचवून पोह्यांची दुसरी बशी घेतली, तर हिशेब कुठे जातो ते यातून दिसेल.

२. मला भात आणि गोड दिसलं की राहवत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या मनावर ताबा नाही. खरंच तसं आहे का?

नाही. हे मी अगदी ठामपणे सांगते, कारण या एका वाक्याने कितीतरी बायका चोरून खायला लागलेल्या मी पाहिल्या आहेत. चोरून खाल्लेलं डायरीत लिहिलं जात नाही, डॉक्टरांना सांगितलं जात नाही, आणि मग औषधं वाढत जातात.

ओढ लागते त्याला शरीराची कारणं आहेत. मैद्याचा किंवा नुसत्या पोह्यांचा नाश्ता केला की साखर पटकन चढते आणि पटकन उतरते, आणि उतरताना पुन्हा खावंसं वाटतं. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन कमी होतं. ताणात कॉर्टिसॉल वाढतं, तेही गोडाकडेच ढकलतं. रक्तातली साखर खूप वाढलेली असेल तरी भूक लागते, हे अनेकांना माहीत नसतं (प्रश्न ४). शिवाय सवयीचं घड्याळ असतंच: तीस वर्षं चार वाजता चहा-खारी घेतली असेल, तर चार वाजता तोंडाला पाणी सुटणारच.

३. दिवसभर मी व्यवस्थित असते. पण संध्याकाळी पाच वाजले की अशी खा-खा सुटते की फरसाण, बिस्किटं, कालची पोळी, हाताला येईल ते जातं. पाच वाजता काय खाऊ?

हा मला येणारा सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पाच वाजता नाही. ते सकाळी आठ आणि दुपारी दीडच्या ताटात आहे.

असं विचारणाऱ्या बाईंना मी आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवून सांगायला सांगते. सकाळी पोहे किंवा उपमा आणि चहा. दुपारी तीन पोळ्या, दोडक्याची किंवा कोबीची भाजी पळीभर, पातळ वरण आणि थोडा भात. त्यात वरण इतकं पातळ की डाळ तळाशी शोधावी लागते. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली भाजी आपल्या वाट्याला. या जेवणात पोट भरतं, पण प्रथिनं जेमतेम असतात. साडेतीन तासांनी शरीर पुन्हा मागायला लागतं आणि मागतं ते पटकन मिळणारं.

म्हणून बदल इथे करा. नाश्त्याला पोहेच हवे असतील तर अर्धी बशी, आणि सोबत दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ. नाहीतर मुगाचं धिरडं, बेसनाचा पोळा. दुपारी तीनऐवजी दोन पोळ्या, पण घट्ट वरण किंवा उसळ किंवा पिठलं मोठी वाटी भरून, भाजी पळीभर नाही तर वाटीभर, आणि दही. मासे-मटण खाणाऱ्यांनी रश्शातला तुकडा आपल्या ताटातही घ्यायचा, नुसता रस्सा नाही. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते आधी डॉक्टरांना विचारा.

खाण्याचा क्रमही बदलून पाहा. आधी काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ किंवा वरण, आणि पोळी-भात शेवटी. तेच ताट, तेवढंच अन्न, पण जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्याकडे पहिला घास वरणभाताचा घ्यायची पद्धत आहे, त्यामुळे हे सुरुवातीला अवघड वाटतं. आईला दोन आठवडे लागले. आता ती स्वतःच आधी कोशिंबीर मागते.

एवढं करूनही पाच वाजता भूक लागली, तर ती खरी भूक आहे आणि तिला खायला द्या: मूठभर फुटाणे, थोडे भाजलेले शेंगदाणे, किंवा ताक आणि काकडी. फुटाणे वाटीत काढून घ्या आणि डबा कपाटात ठेवून मग बसा. डबा मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलं की किती गेले ते कळत नाही.

४. एकदम भूक लागते, हातपाय गळतात. म्हणजे शुगर लो झाली ना? मी लगेच काहीतरी गोड खातो.

आधी शुगर तपासायचं मीटर लावा, मग डबा उघडा. कारण सारखीच वाटणारी ही भूक तीन वेगवेगळ्या कारणांनी लागते.

आकडा ७० च्या खाली असेल तर शुगर खरंच लो आहे. घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणं. लगेच प्रश्न ५ प्रमाणे करा.

आकडा १८० च्या वर असेल तर शरीर उपाशी आहे ते वेगळ्या अर्थाने: साखर रक्तात आहे पण पेशींपर्यंत पोहोचत नाही, म्हणून भूक, तहान आणि थकवा. इथे गोड खाल्लं की आकडा आणखी वर जातो आणि तासाभराने पुन्हा तीच भूक. पाणी प्या, शक्य असेल तर दहा-पंधरा मिनिटं चाला. असं रोज होत असेल तर औषध अपुरं पडतंय, डॉक्टरांना दाखवा.

तिसरा प्रकार फसवा आहे. बरेच महिने शुगर २५०-३०० राहिलेली असते, औषध सुरू होतं, आकडा ११०-१२० वर येतो आणि तेव्हा माणसाला लो झाल्यासारखंच वाटतं. घाम येतो, भूक लागते, जीव घाबरा होतो. शरीराला वरच्या आकड्याची सवय झालेली असते, ती काही आठवड्यांत जाते. या काळात प्रत्येक वेळी पेढा तोंडात टाकला, तर शरीर नव्या आकड्याला कधीच सरावणार नाही.

मीटर जवळ नसेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर मात्र वाट बघू नका, लो समजूनच उपाय करा. फक्त मेटफॉर्मिन चालू असेल तर लो होण्याची शक्यता फार कमी असते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांना धडधड जाणवत नाही, पण घाम येतो. त्यांनी घामावर लक्ष ठेवावं.

५. शुगर लो झाली की मी घाबरून अर्धा डबा लाडू संपवते आणि मग ती ३०० वर जाते. नेमकं किती खायचं?

१५ ग्रॅम साखर, आणि मग १५ मिनिटं थांबणं. तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मीटर लावा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आली आणि जेवणाला वेळ असेल तर एखादी पोळी-भाजी किंवा दूध घ्या. ही पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, कारण मेंदू ‘खा, खा’ म्हणत असतो. म्हणून साखर मोजून आधीच पुडीत बांधून ठेवा, एक पर्समध्ये आणि एक उशाशी. लाडू, पेढा, चॉकलेट यांत तूप-खवा असतो आणि त्याने साखर रक्तात जायला उशीर होतो. लो झाल्यावर त्यांचा उपयोग नाही.

आता एक महत्त्वाचा अपवाद. तुमच्या गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलेलं असेल, तर साध्या साखरेचं पाणी पटकन काम करत नाही. ही औषधं आतड्यात साखर फुटण्याचाच वेग कमी करतात. अशांनी औषधाच्या दुकानातली ग्लुकोज पावडर किंवा गोळ्याच जवळ ठेवाव्या. त्या नसतील तर मोठा चमचाभर मध. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत असलेली औषधं आपल्याकडे खूप दिली जातात आणि ही गोष्ट रुग्णाला क्वचितच कोणी सांगतं. आज घरी गेल्यावर पाकीट वाचा.

माणूस गुंगीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा.

६. आम्ही कोकणातले. भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. भात कायमचा सोडावा लागेल का?

नाही. सोडायला लावलेला भात महिन्याभरात दुप्पट होऊन परत येतो, हा माझा अनुभव. भात वाटीने मोजा, ताटात डोंगर करू नका. एक वाटी भात, दीड वाटी घट्ट आमटी किंवा माशाचं कालवण मासळीसकट, आणि भाजी. दुपारी भात असेल तर पोळी नको. दोन्ही एकाच ताटात आले की मोजमाप सुटतं.

चिकट, मऊ होणारा तांदूळ, इंद्रायणीसारखा, लवकर पचतो आणि साखर लवकर चढवतो. मोकळा होणारा तांदूळ त्या मानाने बरा. हातसडीच्या तांदळात चोथा जास्त, पण कर्बोदकं जवळजवळ तेवढीच, म्हणून ‘ब्राउन आहे’ म्हणून दोन वाट्या चालत नाहीत. भात थंड करून खाल्ला तर त्यातला थोडा स्टार्च पचायला जड होतो हे खरं आहे, पण फरक लहान आहे. त्यासाठी भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. दहीभात करायचा तर फ्रिजमधला घ्या.

७. ज्वारीची आणि नाचणीची भाकरी मधुमेहाला चांगली. मग कितीही चालते ना?

चांगली आहे, कितीही नाही. ज्वारीत चोथा जास्त असतो, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं, हा खरा फायदा. पण पीठ ते पीठ: दोन मोठ्या भाकऱ्यांत ६०-७० ग्रॅम कर्बोदकं जातात. नाचणीची भाकरी वेगळी आणि नाचणी सत्त्वाची पातळ खीर वेगळी. खीर प्यायली जाते, चावली जात नाही, आणि साखर झटकन वर नेते. सकाळी ‘पौष्टिक’ म्हणून सत्त्व पिणाऱ्यांनी एकदा दोन तासांनी मीटर लावून पाहावं.

८. साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजूर चालेल ना? ते तर नैसर्गिक आहे.

रक्ताला फरक कळत नाही. गुळात बहुतांश साखरच असते, मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, खजुरात तेच थोड्या चोथ्यासह. थोडं लोह, थोडी खनिजं मिळतात, पण त्यासाठी लागेल एवढा गूळ मधुमेहात खाता येत नाही. आवडीसाठी खायचा तर साखरेइतकाच मोजून खा.

९. चहा सुटत नाही. दिवसाचे चार कप, प्रत्येकी दोन चमचे. कसा कमी करू?

चार कप गुणिले दोन म्हणजे आठ चमचे, जवळपास ४० ग्रॅम साखर रोज. महिन्याला सव्वा किलो. हा हिशेब मी कागदावर मांडून दाखवते तेव्हा बहुतेक जण गप्प होतात.

चहा सोडू नका, साखर उतरवा, पण हळूहळू. प्रत्येक आठवड्याला प्रत्येक कपातला पाव चमचा कमी. दोन महिन्यांत आपोआप बिनसाखरेवर येता आणि जिभेला तेवढा वेळ मिळतो. आलं, गवती चहा, वेलची घातली की गोडाची उणीव कमी जाणवते. कपाऐवजी कटिंग घ्या. आणि बशीकडे बघा: चार मारी बिस्किटांत १६-१७ ग्रॅम कर्बोदकं, सगळी मैदा आणि साखर यांची. खारी आणि बटर गोड लागत नाहीत म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटतात, पण तोही मैदाच आणि वर वनस्पती तूप.

१०. शुगर-फ्री गोळ्या आणि ‘डायबेटिक’ मिठाई खाल्ली तर गोडाची हौस भागेल का?

चहात एखादी गोळी चालते. गोळीत कोणतं गोड द्रव्य आहे ते पाकिटावर बघा. अ‍ॅस्पार्टेमची गोडी उकळल्यावर कमी होते, ती गोळी चहा गाळल्यावर घाला. सुक्रालोज आणि स्टीव्हिया उष्णतेत टिकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी अशी गोडी वापरू नये असं सांगितलं, पण ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती, हे बातम्यांत राहून गेलं. तरीही माझं मत असं की प्रत्येक पदार्थ गोडच हवा ही सवय गोळीने जात नाही, ती टिकून राहते. म्हणून मी आधी प्रश्न ९ चा रस्ता सुचवते.

‘डायबेटिक’ मिठाईबाबत मी फार सावध आहे. साखर काढली तरी खवा, बेसन, मैदा, खजूर राहतातच. माल्टिटॉल (साखरेऐवजी घातलं जाणारं गोड द्रव्य) असेल तर तेही रक्तातली साखर वाढवतं, साखरेपेक्षा कमी इतकंच, आणि जास्त खाल्लं तर पोटात गॅस आणि जुलाब. पाकिटावर ‘शुगर ०’ ही ओळ वाचून थांबू नका, तिच्या वरची कार्बोहायड्रेटची ओळ आणि ‘एका वाढपात किती’ हे वाचा.

११. मे महिन्यात हापूस समोर असताना नाही कसं म्हणायचं?

नाही म्हणू नका. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम हापूस म्हणजे जवळपास एका पोळीएवढी. मग त्या जेवणातली एक पोळी काढा आणि आंबा फोडी करून, चावून खा. पोट भरल्यावर वर आंबा, किंवा पुऱ्यांबरोबर साखर घातलेला आमरस, हे दोन प्रकार टाळा. आमरसाच्या वाटीत दोन आंबे सहज जातात. शुगर अजून काबूत नसेल, म्हणजे एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ९-१० असेल, तर अर्धा आंबा, रोज नाही. खाल्ल्यावर दोन तासांनी स्वतःचा आकडा बघा; पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

१२. एकादशीला आणि चतुर्थीला साबुदाणा खाते. उपासाने शुगर कमी व्हायला हवी, उलट वाढते. असं का?

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या लोकांनी फार आधीच ओळखलं होतं. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, प्रथिनं आणि चोथा जवळजवळ नाही. वर बटाटा. वर चवीला साखर. आणि खिचडी मऊ-लुसलुशीत, तोंडात विरघळणारी, म्हणून बशीवर थांबतच नाही.

एका आषाढीला मी आईची शुगर खिचडीआधी आणि नंतर तपासली होती. आधी १३२. दोन तासांनी २६८. तिने मीटर हातात घेऊन दोनदा पाहिलं आणि म्हणाली, “मी तर उपास केला होता.” त्या वर्षापासून आमच्याकडे एकादशीला वऱ्याचे तांदूळ होतात, वाटीभरच, आणि दाण्याची आमटी भरपूर. सोबत काकडीची खमंग कोशिंबीर, भोपळ्याचं दह्यातलं भरीत. कधी राजगिऱ्याची भाकरी. राजगिऱ्यात प्रथिनं चांगली असतात. देवाच्या नियमात बसतं आणि शुगरच्याही. (वरईसुद्धा धान्यच आहे, दोन वाट्या झाल्या की तीही साबुदाण्याच्या वाटेने जाते.)

काहीच न खाता उपास करणाऱ्यांनी, आणि नवरात्राचे नऊ दिवस करणाऱ्यांनी, आधी डॉक्टरांना विचारून गोळ्यांचं वेळापत्रक बदलून घ्यावं. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड उपाशीपोटी धोकादायक आहे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर प्रश्न १५ वाचा.

१३. होळीची पुरणपोळी, गणपतीचे मोदक, पाडव्याचं श्रीखंड. आणि प्रत्येक घरी ‘एकाने काय होतंय?’ काय करावं?

एकाने फारसं होत नाही, पण घरं सात असतात. म्हणून आधी ठरवा की या सणाचा आपला पदार्थ कोणता. होळीला पुरणपोळी ना, मग तीच. घरच्या मोठ्या पुरणपोळीत दोन-अडीच साध्या पोळ्यांएवढी कर्बोदकं असतात. एक पुरणपोळी, कटाची आमटी, भाजी, कोशिंबीर, आणि त्या दिवशी भात, कुरडई, भजी नाहीत. वरचं तूप साखर जरा हळू चढवतं, पण कमी करत नाही. उकडीचा मोदक एक, फार तर दोन, आणि त्या जेवणात पोळी नाही. श्रीखंडाच्या वाटीत आठ चमचे साखर सहज असते, म्हणून ते चटणीसारखं ताटाच्या कडेला, चमचाभर.

हे जेवण दुपारी घ्या, रात्री नको, आणि जेवून आडवं न होता पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, परिणाम त्याच दिवशी मीटरवर दिसतो.

आग्रह करणाऱ्यांना ‘मला डायबेटीस आहे’ सांगून भागत नाही, उलट ‘आमच्या काकांनाही आहे, ते खातात’ सुरू होतं. “वहिनी, हा मोदक डब्यात द्या, उद्या दुपारी निवांत खाईन” हे वाक्य चालतं. यात यजमानांचा मान राहतो. आणि जे वाढतात त्यांनाही विनंती: मधुमेह असलेल्या माणसाला आग्रह करणं हे प्रेम नाही. त्यांच्यासाठी एक वाटी उसळ जास्त करा, ते प्रेम त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

१४. रात्री जेवल्यावर गोड हवंच असतं, आणि कधी कधी तीन वाजता जाग येऊन स्वयंपाकघरात जातो.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवल्यावरचं गोड ही सवय आहे. जेवण संपलं की लगेच दात घासा, बडीशेप चघळा, टेबलावरून उठा. बहुतेकांची ओढ दहा-पंधरा मिनिटांत ओसरते.

तीन वाजताची जाग मात्र तपासायची. उठल्यावर अंगाला घाम, डोकं जड, वाईट स्वप्नं असतील तर रात्री शुगर लो होत असेल. दोन-तीन रात्री तीन वाजता मीटर लावा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. आकडा चांगला असूनही उठून खाल्लं जात असेल, तर झोप आणि ताण याकडे बघावं लागेल.

१५. भात-पोळी पूर्ण बंद करून कीटो केलं, किंवा दोनच वेळा जेवलं तर तल्लफ कायमची जाईल का?

काहींची कमी होते, हे खरं. कर्बोदकं खूप कमी केल्यावर पहिले आठवडे कठीण जातात आणि मग भूक शांत होते, असं सांगणारे मला भेटतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण आटोपायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे, आणि मधलं खाणं बंद झाल्याने अनेकांना ती सोपी वाटते. पण सतत हात डब्यात जाणाऱ्यांना ती जमते, आणि दिवसभर मन मारून त्या ५५ मिनिटांत दुप्पट खाणाऱ्यांना जमत नाही.

दोन ठिकाणी थांबा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेत असाल तर खाणं कमी करण्याआधी डोस कमी करून घ्या, नाहीतर शुगर लो होणार. आणि डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं चालू असताना कीटो किंवा कडक उपास करू नका. शरीरात कीटोन साठून कीटोअ‍ॅसिडोसिस (रक्त धोकादायक प्रमाणात आम्ल होणं) होऊ शकतो, आणि त्यात मीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो, म्हणून तो लक्षात येत नाही. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागणं असं काही झालं, तर ‘शुगर तर १६० आहे’ म्हणून घरी थांबू नका, दवाखान्यात जा आणि औषधाचं नाव सांगा.

१६. सहावा महिना आहे, शुगर निघाली. आणि डोहाळे सगळे गोडाचे!

आधी मन शांत ठेवा. हे तुमच्या खाण्याने झालेलं पाप नाही. गर्भारपणातली संप्रेरकं इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. साधारण लक्ष्य असं: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. कर्बोदकं अगदी तोडू नका, ती बाळाला लागतात. दिवसभरात थोडी थोडी वाटून घ्या, आणि सकाळी सगळ्यात कमी, कारण तेव्हा साखर जास्त चढते. डोहाळजेवणाच्या ताटातला एक गोड पदार्थ निवडा (प्रश्न १३ प्रमाणे), ओटीतला बाकीचा खाऊ वाटून टाका.

माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटत असतील तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा आणि हिमोग्लोबिन तपासा. बहुतेक वेळा ते लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं.

१७. मुलाला टाइप १ आहे, वय नऊ. वाढदिवसाला गेला की केकवरून घरी भांडण होतं.

त्याला केक खाऊ द्या, त्याचं इन्सुलिन देऊन. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही त्या मधुमेहात, कर्बोदकं मोजून त्या मानाने डोस द्यायला शिकणं हाच मार्ग आहे, आणि किती ग्रॅमला किती युनिट हे प्रमाण प्रत्येक मुलाचं वेगळं असतं, ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. ज्या मुलाला सगळ्यांसमोर केक नाकारला जातो, ते जिन्यात जाऊन खातं आणि इन्सुलिन न घेता खातं. “किती खाल्लास ते सांग, आपण डोस बघू” एवढंच विचारा, रागावू नका.

१८. कालच्या लग्नात ताबा सुटला. चार गुलाबजाम, वर आइस्क्रीम. सकाळी २४०. आज दिवसभर उपाशी राहू का?

नको. उपाशी राहिलात तर संध्याकाळी पाच वाजता प्रश्न ३ पुन्हा सुरू होईल, आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली असेल तर शुगर लो होऊ शकते. औषध नेहमीचंच घ्या, स्वतःहून दुप्पट घेऊ नका. पाणी प्या, नाश्त्याला उसळ किंवा अंडी घ्या, दुपारी नेहमीचं ताट, दोन्ही जेवणांनंतर चाला. एका लग्नाने एचबीए१सी बिघडत नाही. तो दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. डायरीत मात्र लिहा: चार गुलाबजाम, आइस्क्रीम, सकाळी २४०.

असं आठवड्यात अनेकदा होत असेल, पोट दुखेपर्यंत खाल्लं जात असेल, नंतर रडू येत असेल किंवा रॅपर लपवावे लागत असतील, तर तो खाण्याचा एक आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला हेच शब्द सांगा. खुर्चीत बसून सांगणं अवघड वाटत असेल, तर निघताना दाराशी थांबून सांगितलं तरी चालेल.